काम झालं म्हणून उठलेला प्रेक्षक

प्रश्न असा आहे: "पूर्वी एखादी छोटीशी गोष्ट शिकायची असली की तीन मिनिटांचा व्हिडिओ सापडायचा. माणूस समोर बसून करून दाखवायचा आणि विषय संपायचा. आता तीच गोष्ट बारा मिनिटांत, त्यात तीन मिनिटं प्रस्तावना, मागे सतत संगीत, आणि शेवटी हाताला काही लागत नाही. व्हिडिओंचा दर्जा खरंच घसरलाय की माझंच वय झालंय? घसरला असेल तर का, आणि पाहणाऱ्यानं करायचं काय?"

वयाचं तुमचं तुम्ही बघा, तक्रार मात्र खरी आहे. मी गेली अठरा वर्षं व्हिडिओ एडिट करते आहे, त्यातली बरीचशी ऑनलाइन चॅनेलांसाठी. करून दाखवणारे, समजावून सांगणारे, शिकवणारे व्हिडिओ हे माझं मुख्य काम. म्हणजे तुम्ही ज्या बारा मिनिटांवर वैतागलात ती माझ्यासारख्याच कुणीतरी रात्री बसून ताणलेली असणार. त्यामुळे या उत्तरात थोडा कबुलीजबाबही येईल, तो चालवून घ्या.

'दर्जा' म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. चित्र आणि आवाज यांचा दर्जा घसरलेला नाही, उलट इतका वर गेलाय की जुनं काही लावलं तर डोळे बारीक करून बघावं लागतं. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या लांब सोंडांबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि १९ सेकंदांत आटपतो. चित्र अगदीच अंधुक. आज कुठलाही बरा फोन त्याहून कितीतरी स्वच्छ चित्र काढतो, आणि शर्टाला अडकवायचा छोटा माइक कुणालाही घेता येतो. शिवाय जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही. हलता कॅमेरा, सुरुवातीला गरगर फिरणारी अक्षरं, पंख्याची घरघर आणि नेमक्या महत्त्वाच्या क्षणी करणाऱ्याचं डोकं कॅमेऱ्याच्या आड, असले व्हिडिओ मी पोत्यानं पाहिलेत. आपल्या लक्षात राहिले ते चांगले तेवढे. बाकीचे आपण विसरलो.

मग घसरलं काय? माझ्या मते दोन गोष्टी. एक, न मागता जे समोर येतं ते. आणि दुसरी, मिनिटागणिक हाती लागणारा ऐवज. चांगलं काम करणारे आजही आहेत, बहुधा पूर्वीपेक्षा जास्तच. ग्रँट सँडरसन २०१५ पासून 'थ्री ब्लू वन ब्राउन' या चॅनेलवर गणित ज्या निगुतीनं उलगडून दाखवतात, तसं पूर्वी पैसे मोजूनही मिळत नव्हतं. आकृत्या हलवण्यासाठी त्यांनी स्वतः सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते सगळ्यांना खुलं करून टाकलं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्राध्यापकांची अख्खी व्याख्यानं फुकट उपलब्ध आहेत, दीड-दीड तासांची, फळा-खडूची. पण यातलं काही तुमच्यासमोर आपणहून येऊन उभं राहत नाही, ते आणावं लागतं. आणि आपण आणत नाही. लोक यूट्यूबवर जो वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ यंत्रानं सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो, असं खुद्द कंपनीनंच २०१८ च्या सुरुवातीला सांगितलं होतं.

आता यंत्र काय सुचवतं आणि का सुचवतं, इथे माझ्या टेबलाचा संबंध येतो.

व्हिडिओ चढवला की चॅनेलवाल्याला एक आलेख दिसतो. आमच्यात त्याला रिटेन्शन म्हणतात. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर त्या क्षणाला किती टक्के लोक अजून बसलेत ते. पहिल्या अर्ध्या मिनिटात रेषा कड्यावरून दगड सुटावा तशी खाली येते, मग उताराला लागते. जिथे लोक मागे जाऊन पुन्हा पाहतात तिथे उंचवटा येतो, जिथे पुढे ढकलतात तिथे खड्डा. एडिटरला पैसे कोण देतो? चॅनेलवाला. चॅनेलवाला कशाकडे बघून ठरवतो की एडिटर बरा की वाईट? या रेषेकडे. तेव्हा मी कोणासाठी एडिट करते, याचं प्रामाणिक उत्तर "रेषेसाठी" असं आहे. प्रेक्षकाला मी कधी पाहिलेलंच नाही.

आणि या रेषेत एक मोठी खोट आहे. समजा तुमचा नळ गळतोय. तुम्ही व्हिडिओ लावला, दुसऱ्या मिनिटाला कळलं की आतला वॉशर बदलायचा आहे आणि तो असा बदलायचा. तुम्ही फोन ठेवला, पाना उचलला, कामाला लागलात. यापेक्षा चांगला प्रेक्षक नाही आणि यापेक्षा यशस्वी व्हिडिओ नाही. पण आलेखात काय दिसतं? दुसऱ्या मिनिटाला एक माणूस गेला. त्याच दुसऱ्या मिनिटाला दुसरा कुणीतरी जांभई देऊन गेलाय. काम झालं म्हणून उठलेला आणि कंटाळून उठलेला, दोघांची रेषा एकसारखीच पडते. मग चॅनेलचे मालक विचारतात, "इथे लोक का गेले?" आणि त्यावर उपाय काय निघतो? वॉशरची गोष्ट दुसऱ्या मिनिटाला सांगू नका, सातव्या मिनिटाला सांगा.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला वाटतं एवढ्यातच आहे. पटकन उत्तर देणाऱ्याला शिक्षा आणि उत्तर लांबवणाऱ्याला बक्षीस. यात कुणी दुष्ट नाही. चॅनेलवाल्याला घर चालवायचंय, कंपनीला जाहिराती विकायच्यात, मला माझं बिल मंजूर करून घ्यायचंय.

गंमत अशी की हे दुखणं औषध म्हणूनच आलं. २०१२ पर्यंत व्हिडिओ किती वेळा उघडला गेला याला वजन होतं. त्याचा परिणाम म्हणजे भलतंच चित्र, भलताच मथळा आणि आत काहीच नाही. लोक उघडायचे, फसायचे, बंद करायचे, पण मोजणाऱ्याच्या लेखी तो एक व्ह्यू झालेलाच असायचा. त्याचा बंदोबस्त म्हणून त्या वर्षी यूट्यूबनं मोजमाप बदललं आणि उघडण्याऐवजी पाहण्याचा वेळ मोजायला घेतला. कल्पना वाईट नव्हती. मला आठवतं, आम्हा एडिटर लोकांना तेव्हा आनंद झाला होता, कारण आता बनवाबनवी चालणार नाही, व्हिडिओ खरंच बघण्याजोगा करावा लागेल असं वाटलं. काही काळ तसं झालंही. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की वेळ मिळवायचा असेल तर चांगलं करण्यापेक्षा लांब करणं सोपं आहे. २०१७ मध्ये यूट्यूबनं जाहीर केलं की लोक दिवसाला एक अब्ज तास पाहतात. असा आकडा एकदा मिरवला की तो खाली येऊ द्यायची कुणाची छाती होते?

त्यातच जाहिरातींची वेळ. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालायची मुभा आधी दहा मिनिटांहून लांब व्हिडिओंना होती, जुलै २०२० मध्ये ती मर्यादा आठ मिनिटांवर आली. तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिलंत तर ८ मिनिटं ३ सेकंद, ८ मिनिटं ११ सेकंद अशा लांबीचे व्हिडिओ तुम्हाला ढिगानं दिसतील. तो योगायोग नाही. एकदा माझ्याकडे एक व्हिडिओ आला, कापून झाल्यावर पाच मिनिटं चाळीस सेकंदांचा होत होता, आटोपशीर आणि सगळं सांगणारा. निरोप आला की आठच्या वर न्या. अडीच मिनिटं आणायची कुठून? सुरुवातीला पुढे काय येणार याची झलक टाकली, वीस सेकंद. मग "त्याआधी हे का महत्त्वाचं आहे ते समजून घेऊ", पन्नास सेकंद. मध्ये एक विकत मिळणारं तयार दृश्य, ढगांचं, मला आजही कळलेलं नाही की ढग का. सांगितलेलंच पुन्हा सांगणारी एक पाटी. शेवटी निरोप लांबवला. झाली ८ मिनिटं ६ सेकंद. बघणाऱ्यांतल्या प्रत्येकाची अडीच मिनिटं गेली आणि त्यांना कळलंही नसेल कशात गेली.

ताणण्याचा हा प्रकार निदान डोळ्याला दिसतो. याच्या उलट प्रकार जास्त घातक आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे गाळण्याचा.

हस्तकौशल्याच्या एका चॅनेलसाठी मी काम करत होते. एक जुने सुतार पटाशीला धार कशी लावायची ते दाखवत होते. चित्रण सुंदर होतं. दगडावर पाणी, पटाशीचा कोन, हाताची एका लयीतली ये-जा आणि दगडाचा तो ओला खरखर आवाज. मध्ये एका जागी ते थांबले. पटाशी उचलली, उलटी केली आणि पात्याच्या मागच्या बाजूनं अंगठा हलकेच धारेकडे नेला. नजर पटाशीवर नव्हतीच, भलतीकडे कुठेतरी होती, ऐकत असल्यासारखी. एकदा, दोनदा, मग टोकाकडे पुन्हा एकदा. मान हलवली आणि पुन्हा घासायला लागले. एकूण अकरा सेकंद. तोंडातून शब्द नाही.

पहिल्या आवृत्तीत मी ते ठेवलं होतं. मालकांनी आधीच्या व्हिडिओंचे आलेख समोर ठेवले आणि दाखवलं की जिथे जिथे कुणी बोलत नाही तिथे तिथे रेषा खाली जाते. "इथे काही घडतच नाहीये," ते म्हणाले. मी वाद घातला नाही, मुदत उद्याची होती. अकरा सेकंद कापली, दोन हालचाली एकमेकींना जोडल्या, सांधा झाकायला वर दगडाचा जवळून घेतलेला शॉट टाकला आणि खाली गिटार चालू केली. गिटारीमुळे दगडाचा आवाजही गेला.

व्हिडिओ चालला. आणि खाली कॉमेंटमध्ये पुन्हा पुन्हा एकच प्रश्न: "किती वेळ घासायचं? थांबायचं कधी ते कसं कळतं?"

उत्तर त्या अकरा सेकंदांत होतं. पातं एका बाजूनं पुरेसं घासलं गेलं की दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कड वळून येते. डोळ्याला ती सहसा दिसत नाही, बोटाला लागते. ती पूर्ण रुंदीवर लागली की बाजू बदलायची. सुतारकाका तेच तपासत होते, टोकाशी ती अजून आली नव्हती म्हणून पुन्हा घासायला लागले. अख्ख्या व्हिडिओत शिकण्यासारखी जागा ती एकच होती, आणि "काही घडत नाही" म्हणून मी तिच्यावर कात्री चालवली. बाकी उरलं ते सगळं खरं होतं, देखणं होतं, आणि ते पाहून कुणालाही पटाशीला धार लावता आली नसती.

'पाहिलं खूप पण हाताला काही लागलं नाही' असं तुम्ही म्हणता त्याचं कारण बहुतेक वेळा असं काहीतरी असतं. प्रत्येक श्वास, प्रत्येक विराम, विचार करायला घेतलेला प्रत्येक क्षण कापला जातो. आता तर त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे, शांत जागा आपोआप शोधून उडवते. पण जाणकार माणूस शांत होतो तेव्हाच तो निर्णय घेत असतो. शिकणाऱ्याला तो निर्णयच बघायचा असतो.

छोट्या उभ्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे खरं तर सांगण्यासारखं कमी आहे. म्युझिकली हे छोट्या व्हिडिओंचं ॲप ऑगस्ट २०१८ मध्ये टिकटॉकमध्ये विलीन झालं, इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स २०२० मध्ये आले, आणि बोटाच्या एका फटक्यासरशी पुढचा व्हिडिओ ही सवय सगळीकडे पसरली. तिथे लढाई पहिल्या एक-दोन सेकंदांची असते. शेवटचं वाक्य अर्धवट सोडून ते पहिल्या वाक्याला असं जोडायचं की व्हिडिओ पुन्हा सुरू झालाय हे बघणाऱ्याला कळूच नये, हे कसब मीही शिकले. त्याला कसब म्हणायचं का, हा वेगळा विषय. ३१ मार्च २०२५ पासून तर शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की तो एक व्ह्यू धरला जातो, किती क्षण पाहिला याची अट नाही. म्हणजे त्या आकड्याकडे बघून एखादा शॉर्ट चांगला आहे असं समजण्यात आता काही अर्थ उरलेला नाही.

आणि यंत्रानं, म्हणजे एआयनं, लिहिलेले आणि वाचलेले व्हिडिओ. यावर सगळे चिडलेत आणि चिडणं योग्यच आहे, पण मला त्याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. माणसांना आपण आधीच यंत्रासारखं काम करायला लावलं होतं. ठरावीक सुरुवात, ठरावीक उत्कंठा, विकतची दृश्यं, खाली संगीत, हा साचा इतका पक्का झाला होता की त्यातून माणूस काढून घेतला तरी फरक पडू नये. यूट्यूबनं २०२४ पासून खरं वाटेल असं कृत्रिम चित्रण असल्यास ते सांगणं बंधनकारक केलं, आणि जुलै २०२५ मध्ये घाऊक छापाच्या व्हिडिओंना पैसे मिळू नयेत म्हणून नियमांची भाषा स्पष्ट केली. नियम राबवले जातात किती, ते तुमच्या फीडवर तुम्हीच बघताय. ओळखायची माझी खूण सांगते. असे व्हिडिओ कधीही नेमकी वस्तू दाखवत नाहीत. पंपाबद्दल बोलतील, पण तोच पंप कधी दिसणार नाही, कुठला तरी एक पंप दिसेल. आणि निवेदक कधी म्हणणार नाही की "पहिल्यांदा मी हे उलटं बसवलं होतं". चुकायला आधी हात लागतात.

एक गोष्ट पाहणाऱ्याच्या हातातून काढून घेतली गेली, तिचाही उल्लेख करायला हवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा सगळ्यांसाठी दिसायचा बंद झाला. कारण असं दिलं गेलं की लोक टोळीनं येऊन लहान चॅनेलांना छळतात. ते घडत होतं, मी एका नवख्या मुलीच्या चॅनेलवर पाहिलंय. पण करून दाखवणाऱ्या व्हिडिओंच्या बाबतीत तो आकडा धोक्याच्या पाटीसारखा होता. 'ही पद्धत चालत नाही' हे दोन सेकंदांत कळायचं. आता अख्खा व्हिडिओ पाहून, वस्तू मोडून मग कळतं.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगते. कंपन्यांना ही खोट माहीत नाही असं नाही. यूट्यूब अधूनमधून पाहणाऱ्यांना विचारतं की पाचपैकी किती तारे द्याल, आणि चार किंवा पाच मिळाले तरच तो वेळ सत्कारणी लागला असं धरतं. सगळ्यांना विचारता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी काय उत्तर दिलं असतं याचा अंदाज यंत्र बांधतं. ठीक आहे, काही नसण्यापेक्षा बरं. पण चॅनेलवाल्याच्या रोजच्या पडद्यावर ठळक दिसते ती पाहण्याच्या वेळेचीच रेषा, आणि माणूस जे दिसतं त्यालाच धरून चालतो.

आता तुम्ही काय करायचं. जे मी स्वतः करते तेवढंच सांगते.

यूट्यूबच्या मुखपृष्ठावरून कधीही व्हिडिओ उघडत नाही. सबस्क्रिप्शनचं वेगळं पान असतं, तिथे तुम्ही निवडलेल्या चॅनेलांचंच सापडतं. मी ते पान थेट बुकमार्क करून ठेवलंय. पाहण्याचा इतिहास पुसून बंद करून टाकला तर ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबचं मुखपृष्ठ जवळजवळ रिकामंच येतं. पहिल्या दिवशी ते ओकंबोकं वाटतं, आठवड्यात सवय होते. इतिहास बंद करायचा नसेल तर निदान चुकून उघडलेले टाकाऊ व्हिडिओ त्यातून काढून टाका. एक टाकाऊ व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात तर पुढचे चार दिवस त्याचे भाऊबंद दारात उभे राहतात.

शिकण्यासाठी व्हिडिओ शोधत असाल तर पाहण्याआधी त्याचा मजकूर उघडा. बऱ्याच व्हिडिओंच्या वर्णनाखाली बोललेलं सगळं लिहून आलेलं असतं. आठ मिनिटांचं बोलणं म्हणजे साधारण हजार-बाराशे शब्द, ते दीड मिनिटात नजरेखालून जातात. ऐकताना जे भरीव वाटतं ते वाचताना लगेच उघडं पडतं, कारण तिथे संगीत नसतं आणि माणसाचा चेहराही नसतो. मी मोजते की नेमकं काही सांगणारी वाक्यं किती. पहिल्या तीनशे शब्दांत एकही नसेल तर पुढे जात नाही.

व्हिडिओ ताणलेला आहे पण दुसरा मिळत नाही, असंही होतं. तेव्हा खालच्या वेळेच्या पट्टीवर बोट किंवा माउस न्या. २०२२ पासून तिथे करड्या रंगाची एक लाट दिसते, लोकांनी सर्वात जास्त वेळा पुन्हा पाहिलेल्या जागांची. सर्वात उंच लाटेच्या वीस सेकंद आधी उडी मारा. बाराव्या मिनिटापर्यंत लपवलेलं उत्तर बहुधा तिथेच असतं. (यालाही पळवाट निघाली आहेच. काही एडिटर महत्त्वाचा आकडा मुद्दाम अर्धा सेकंदच दाखवतात, म्हणजे तुम्ही मागे जाल आणि लाट उंच होईल. हे मी केलेलं नाही. सुचलं होतं, एवढं खरं.)

आणि सर्वात उपयोगी परीक्षा ही. काम करणारा हात आणि केली जाणारी वस्तू, दोन्ही एकाच चौकटीत, मध्ये कट न घेता, निदान दहा-पंधरा सेकंद दिसतात का? नेमक्या अवघड जागी कट येत असेल, आधी उघडा नळ आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये बसवलेला वॉशर, तर समजा की अवघड भाग एक तर त्यांना जमला नाही किंवा माझ्यासारख्या कुणीतरी तो कंटाळवाणा म्हणून काढला. दोन्ही बाबतींत तो व्हिडिओ तुमच्या कामाचा नाही. आवाजाकडेही कान द्या. कामाचा स्वतःचा आवाज ऐकू येतोय का? स्क्रू पूर्ण आवळला की त्याचा सूर बदलतो, लाकडाला भोक पाडताना ड्रिल आरपार जायच्या बेताला आलं की आवाज हलका होतो. हे कुणी शब्दांत सांगत नाही, आणि गिटारीखाली ते हमखास मरतं.

दुप्पट वेगानं पाहण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. ताणलेल्या व्हिडिओला ते ठीक, तो त्यासाठीच ताणलाय. पण चांगल्या कारागिराचा व्हिडिओ मिळाला तर वेग मूळचा ठेवा. घाईत पाहिलेल्या हातावरून लय शिकता येत नाही.

राहिलं शेवटचं, की चांगलं करणाऱ्यांना आपण काही मदत करू शकतो का. पसंतीचं बटण दाबा, त्यानं बिघडत काही नाही. ताऱ्यांचा प्रश्न आला तर तो वैतागून घालवू नका, खरं उत्तर द्या. पण त्याहून जास्त उपयोग होतो तो नेमक्या कॉमेंटचा. 'खूप छान' असं लिहिलेलं चॅनेलवाला वाचतो, खूश होतो आणि विसरतो. 'चार मिनिटं बारा सेकंदांना तुम्ही जे केलंत ते मी तीनदा मागे जाऊन पाहिलं आणि माझं काम झालं' असं लिहिलंत तर ते माझ्या हातात येतं. मी अशा कॉमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवते. पुढच्या वेळी "इथे काही घडत नाहीये" असं कुणी म्हणालं की आलेखाच्या शेजारी ते ठेवते.

पटाशीच्या व्हिडिओखालचे "थांबायचं कधी?" हे प्रश्न मी असेच गोळा करून मालकांना पाठवले होते, एका पानावर तेवीस. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला आणि विचारलं की ती अकरा सेकंद अजून आहेत का. कच्चं चित्रण मी ठेवलेलं होतं. सुतारकाकांचा रंध्यावरचा पुढचा व्हिडिओ केला तेव्हा पात्याला धार लावायचा भाग त्यात पुन्हा आला. ती अकरा सेकंद तिथे घातली, संगीत काढलं, फक्त खाली एक ओळ टाकली की ते बोटानं काय शोधतायत. आलेखात तिथे उतार आहे, स्पष्ट दिसतो. मालक त्याबद्दल विचारत नाहीत.